आरोग्यातल्या विषमतेवरचा ऑनलाइन कोर्स : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दसरा झाला की आमच्याकडच्या वाड्यांना आणि तांड्यांना कुलपं लागतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, कडेवरचं लेकरू घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात आणि गावात राहतात ती म्हातारी माणसं. मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवते. माझ्या वर्गात याच घरांतली मुलं असतात. शिवाय ओळखीच्या आशाताई, अंगणवाडी सेविका, नर्सिंगच्या मुली विचारतात, "मॅडम, मोठ्या विद्यापीठाचा कोर्स मोबाईलवर करता येतो म्हणे. आम्हाला जमंल का?"

जमतं. मी स्वतः असे कोर्स केलेत आणि गेली काही वर्षं मुलांकडून करून घेते. हा लेख त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते आहे.

नाव नोंदवण्याआधी एक पान लिहा

सगळे आधी वेबसाइट उघडतात. तुम्ही आधी वही उघडा. आपल्या गावात कोण लवकर आजारी पडतं, कोण दवाखान्यात उशिरा पोचतं, कोण पोचतच नाही, हे एका पानावर लिहा. कारणं शोधू नका, फक्त पाहिलेलं लिहा. पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत आधी येतो. उपकेंद्रापासून तांडा किती लांब आहे. बाळंतपणाला गाडी कुणाच्या दारात येते आणि कुणाला पाणंदीतून चालत रस्त्यापर्यंत यावं लागतं.

हे पान कशासाठी, तर या कोर्समधली उदाहरणं बहुतेक लंडनची, शिकागोची नाहीतर आफ्रिकेतल्या एखाद्या जिल्ह्याची असतात. ती ऐकताना आपलं गाव डोळ्यांसमोर नसेल, तर चौथ्या आठवड्यात सगळं परकं वाटायला लागतं आणि कोर्स सुटतो. पान जवळ असलं की प्रत्येक व्हिडिओनंतर विचारता येतं, हे आपल्याकडं कुठं दिसतं?

एक फरक मात्र आधीच समजून घ्या, कारण अख्खा विषय त्यावर उभा आहे. दोन गटांच्या आरोग्यात नुसता फरक असणं ही एक गोष्ट आणि तो फरक अन्यायाचा असणं ही दुसरी. मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९९० साली याची खूण सांगितली : जो फरक टाळता आला असता, ज्याची गरज नव्हती आणि जो अन्याय्य आहे, ती आरोग्यातली विषमता. सत्तरीत गुडघे दुखतात, हा वयाचा फरक. तिशीतल्या बाईची कंबर ऊसाच्या मोळ्या वाहून जाते, हा दुसऱ्या प्रकारचा. आपल्या पानावरच्या प्रत्येक ओळीपुढं लिहून बघा, हे टाळता आलं असतं का? माझ्या विद्यार्थ्यांच्या पानांवर बहुतेक ओळींपुढं 'हो' येतं.

कोर्स कुठं शोधायचा

पहिलं ठिकाण स्वयम. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. त्यावर आयआयटी, केंद्रीय विद्यापीठं, इग्नू यांचे कोर्स असतात. बहुतेक कोर्स जानेवारी आणि जुलै या दोन हंगामांत चालतात. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. शोधताना 'पब्लिक हेल्थ', 'सोशल डिटरमिनंट्स ऑफ हेल्थ', 'हेल्थ इक्विटी', 'मेडिकल सोशिऑलॉजी', 'जेंडर अँड हेल्थ' हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा. मराठीत शोधून हाती फारसं लागत नाही. मात्र स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या संयुक्त उपक्रमाच्या, काही कोर्सचं लेखी भाषांतर मराठीत मिळतं. कोर्सच्या पानावर ते आहे का, ते आधी बघा.

तुम्ही बीए, बीएस्सी किंवा एमएसडब्ल्यू करत असाल तर स्वयमचा आणखी एक उपयोग आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करून त्यांचे क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, घेता येतात. पण कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजातल्या स्वयम समन्वयकांकडून तो आपल्या अभ्यासक्रमात धरला जाईल, हे लेखी घ्या. तोंडी 'हो हो, होईल' यावर विसंबून माझ्या एका विद्यार्थिनीचं अख्खं सत्र वाया गेलं. तिने मेहनत केली होती, मार्कही चांगले होते. गुणपत्रिकेत काहीच आलं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे कोर्सेरा आणि एडएक्स. जगभरातल्या विद्यापीठांचे कोर्स इथं आहेत. नवख्या माणसाला मी दोन कोर्स सुचवते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा 'हेल्थ फॉर ऑल थ्रू प्रायमरी हेल्थ केअर' हा कोर्स आशाताईंना सगळ्यात जवळचा वाटेल, कारण तो १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यापासून, म्हणजे सगळ्यांना प्राथमिक आरोग्यसेवा मिळावी या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यापासून, गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेपर्यंत येतो. आकडेमोडीची भीती नसेल तर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा साथरोगशास्त्राचा, म्हणजे आजार कुणात, किती आणि का होतात हे मोजायच्या शास्त्राचा, पायाभूत कोर्स घ्या.

आणि परदेशी कोर्समध्ये 'कम्युनिटी हेल्थ वर्कर' हा शब्द आला की जामखेड आठवा. आष्टी-पाटोद्याच्या शेजारचं हे गाव. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं, आणि अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याचशा दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका म्हणून घडवलं. अल्मा-आटाच्या आधी जगाला दाखवली गेलेली जी मोजकी उदाहरणं होती, त्यांत जामखेड होतं. या विषयाचं मूळ फक्त परदेशात आहे, असं समजून कोर्सला बसू नका.

पूर्ण पदवी किंवा पदविका हवी असेल तर रस्ता वेगळा. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि ते मराठीतून शिकवतं. इतर कोणत्याही विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते स्वतः बघा. एजंटने दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका. आणि कोर्सेरा-एडएक्सचं प्रमाणपत्र ही पदवी नाही. नोकरीच्या अर्जात ते 'इतर अभ्यासक्रम' या रकान्यात जातं.

पैसे

एडएक्सवर 'ऑडिट' निवडलं की ठरावीक मुदतीपर्यंत व्हिडिओ आणि वाचन फुकट मिळतं, प्रमाणपत्र मिळत नाही. कोर्सेरावरही काही कोर्समध्ये अशी सोय असते. प्रमाणपत्र हवं आणि फी परवडत नसेल, तर कोर्सेराच्या पानावर 'फायनान्शियल एड'चा दुवा शोधा. तिथं उत्पन्न, शिक्षण आणि कोर्स का करायचा आहे हे लिहावं लागतं. उत्तर यायला पंधरवडा लागतो, म्हणून घाई असेल त्या दिवशी अर्ज करू नका. लिहिताना कुणाचा तरी तयार मजकूर उतरवू नका. माझ्या गावात उपकेंद्र किती लांब आहे, मी काय काम करते, घरी किती येतात, हे साध्या वाक्यांत लिहिलं तरी पुरतं. हा अर्ज करण्यात कमीपणा काहीच नाही, ती सोय तुमच्यासाठीच ठेवलेली आहे.

एनपीटीईएलच्या परीक्षेत अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत असते. दाखला आधीच स्कॅन करून ठेवा.

नाव कसं लिहायचं

ही बाब लहान दिसते, पण रडू हिच्यावरूनच येतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव गाळलेलं आणि लग्न झालेल्या बाईचं तर सगळंच बदललेलं. परीक्षेला ओळखपत्र दाखवावं लागतं आणि प्रमाणपत्रावर नोंदणीतलंच नाव छापून येतं. एकदा माझं स्वतःचं प्रमाणपत्र माहेरच्या नावानं आलं आणि ते दुरुस्त करून घ्यायला तीन महिने गेले. म्हणून एक ओळखपत्र ठरवा, त्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर कागदावर लिहा आणि प्रत्येक फॉर्मवर तेच टाका. ईमेलही स्वतःचा हवा. भावाचा किंवा नेट कॅफेवाल्याचा नको. हॉल तिकीट त्याच ईमेलवर येतं.

वेळ, रेंज आणि भाषा

१२ आठवड्यांचा कोर्स पहिल्यांदा घेऊ नका. चार किंवा आठ आठवड्यांचा घ्या. स्वयमवर चार आठवड्यांना एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन असा हिशेब असतो.

एनपीटीईएलची गुणांची पद्धत अशी : दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण, शेवटच्या परीक्षेला ७५. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० तरी मिळायला हवेत. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम आठ स्वाध्याय धरतात, आठच्या कोर्समध्ये सहा. म्हणजे घरात लग्न निघालं, सोयाबीनची काढणी आली आणि एखादा आठवडा गेला, तरी कोर्स बुडाला असं समजू नका. मुलं इथंच हात सोडतात, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

परीक्षेची नोंदणी मात्र कोर्सच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते आणि तिची मुदत मध्येच संपते. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. केंद्रांच्या यादीतून शहर निवडताना सकाळची पहिली एसटी तिथं किती वाजता पोचते, तेही बघा.

गावात रेंज नसेल तर आठवड्यातून एकदा बाजाराला जाल तेव्हा त्या आठवड्याचे व्हिडिओ ॲपमध्ये डाउनलोड करून घ्या. कमी दर्जाचा व्हिडिओ निवडला तरी चालतं, आपल्याला आवाज आणि फळ्यावरची अक्षरं कळली म्हणजे झालं. बोलणं भराभर वाटलं तर वेग पाऊणपट करा आणि सबटायटल चालू ठेवा.

इंग्रजीला घाबरू नका असं नुसतं म्हणून भागत नाही, त्याला रीत लागते. या विषयाचे मोजून तीस-चाळीस शब्दच पुन्हा पुन्हा येतात. वहीच्या शेवटून त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढं शब्दकोशातला अर्थ न लिहिता गावातलं उदाहरण लिहा. 'सोशल ग्रेडियंट' म्हणजे पायरी-पायरीने बदलत जाणारं आरोग्य. १९६७ साली लंडनमध्ये सुमारे १८ हजार सरकारी नोकरदारांचा अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी दवाखाना. तरी शिपायांच्या दर्जाच्या लोकांत मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट निघालं आणि मधल्या पायऱ्यांवरचे मधेच होते. आपल्या तहसील कचेरीतल्या शिपायापासून तहसीलदारापर्यंतची रांग डोळ्यांसमोर आणा, शब्द कायमचा लक्षात राहील.

'इन्व्हर्स केअर लॉ' हा शब्द ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ साली दिला : जिथं दवाखान्याची गरज जास्त, तिथंच चांगला दवाखाना कमी. संभाजीनगरात एका रस्त्यावर किती हॉस्पिटलं आहेत ते मोजा आणि मग धारूरच्या डोंगरातल्या वाडीला जा.

'कन्फाउंडिंग' सगळ्यांना जड जातं. तांड्यावरच्या लेकरांचं वजन गावातल्या लेकरांपेक्षा कमी भरलं, असं समजा. कुणी म्हणेल, यांच्या खाण्यापिण्याच्या सवयीच तशा. पण ती लेकरं हंगामात आईबापाबरोबर ऊसाच्या फडावर होती, त्या महिन्यांत अंगणवाडीचा आहार नाही, लसही चुकली. म्हणजे कारण 'तांडा' हे नाव नाही, मागं लपलेलं स्थलांतर आहे. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एकीला दुसरीचं कारण ठरवायचं नाही, तिसरी शोधायची. हे एवढं समजलं तरी कोर्सचा निम्मा खर्च वसूल झाला.

आकडा हातात धरायला शिका

माझ्या मते कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांवरून देशभर गदारोळ झाला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. नुसतं 'तेरा हजार' म्हटलं की अंगावर काटा येतो, पण अभ्यासासाठी ते अपुरं आहे. भागाकार करा : शंभरातल्या जवळजवळ १७. आता खालची संख्या कुणाची, हे विचारा. सगळ्या जिल्ह्यातल्या बायका, की ऊसतोडीला जाणाऱ्या? पुढचा प्रश्न वयाचा. पन्नाशीतली बाई आणि पंचविशीतली बाई एकाच टोपलीत घालून चालणार नाही. त्यानंतर विचारा, ऑपरेशन कुठं झालं, सरकारी दवाखान्यात की खाजगी?

आणि सगळ्यात शेवटी, का? इथं कोर्समधला 'अपस्ट्रीम', म्हणजे ओढ्याच्या उगमाकडं चालत जाणं, कामाला येतो. बाई सांगते, पाळीत त्रास होतो म्हणून काढली. थोडं वर गेलं की कळतं, फडावर संडास नाही, पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. आणखी वर गेलं की उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेलं कर्ज, दिसते. जोडप्याने मिळून मुकादमाकडून घेतलेली उचल 'कोयत्या'वर असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एक दिवस बाई आली नाही तर खाडा धरून पैसे कापतात. म्हणजे पाळीचा दुखरा दिवस हा दंडाचा दिवस ठरतो. त्याच्याही वर कोरडवाहू शेत, न पडलेला पाऊस. डॉक्टरच्या टेबलापासून सुरू करून पावसापर्यंत जाता आलं, तर तुम्हाला हा विषय आला.

सरावासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची, म्हणजे एनएफएचएस-५ ची आपल्या जिल्ह्याची माहितीपत्रिका डाउनलोड करा. फुकट आहे, थोड्याच पानांची. १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या २०-२४ वयाच्या मुलींचं प्रमाण बघा : राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. आकडा कंसात असेल तर तो कमी जणींच्या उत्तरांवर आधारलेला आहे, चांदणी असेल तर इतक्या कमी की तो छापलेलाच नाही. अशा आकड्यावर मोठं विधान करू नका. आणि एक प्रश्न आपल्याच भागातल्या माणसाला सुचेल : पाहणीवाला दारात आला आणि घराला कुलूप होतं, तर त्या घरातली बाई आकड्यात आली का?

स्वाध्याय लिहिताना

परदेशी कोर्समध्ये बऱ्याचदा तुमचा निबंध तुमच्यासारखेच विद्यार्थी तपासतात आणि तुम्ही त्यांचे. त्यांना आपलं काहीच माहीत नसतं. मी एकदा उचलीबद्दल लिहिताना इंग्रजीत सरळ 'ॲडव्हान्स' लिहिलं. तपासणाऱ्याने शेरा दिला, कामगारांना आगाऊ पगार मिळतो ही चांगली सोय आहे. तेव्हापासून मी 'उचल' हा शब्द तसाच ठेवते आणि पुढच्या ओळीत समजावते : हे कर्ज आहे, ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मुकादम, खाडा, तांडा, पाचट, सगळ्यांचं तसंच करा. आपला शब्द सोडला की त्याच्याबरोबर अर्थही जातो.

आशाताईंना आणि नर्सताईंना कळकळीचं सांगणं : रजिस्टरमधलं नाव, गाव, फोटो, केसपेपर स्वाध्यायात टाकू नका. नाव बदललं तरी 'अमुक वाडीतली पोलीस पाटलाची सून' म्हटलं की ओळख पटतेच. कुणाशी बोलून लिहिणार असाल तर आधी विचारा, कशासाठी ते सांगा आणि 'नको' म्हणाली तर तिथंच थांबा. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्या गुणांसाठी वापरायची नाही. आणि उत्तर एआयकडून लिहून घेऊ नका. पकडले जाल ही भीती आहेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे तुमचा तांडा त्या उत्तरात नसतो.

कोर्स संपल्यावर

एकट्याने करण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून एकच कोर्स घ्या. आमच्याकडं एक गट रविवारी दुपारी अंगणवाडीच्या ओट्यावर बसतो. एकीच्या मोबाईलवर व्हिडिओ आणि मध्येमध्ये थांबवून भांडण. त्यातल्या एकीला 'कन्फाउंडिंग' माझ्यापेक्षा चांगलं समजावता येतं, कारण ती रोज वजनकाटा हातात घेते.

प्रमाणपत्र आलं की फाइलला लावा आणि पहिल्या दिवशी लिहिलेलं ते पान पुन्हा काढा. आता प्रत्येक ओळीपुढं दोन गोष्टी लिहा : हे कुठल्या पातळीवर बदलेल, घरात, गावात, तालुक्यात की मुंबईत, आणि गावाच्या पातळीवरचं कुणासमोर मांडायचं. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्याकडं थोडा अबंधित, म्हणजे ठरावीक बाबीला न बांधलेला, निधीही येतो. पुढची बैठक कधी आहे ते ग्रामसेवकांना (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना) विचारा. जिल्ह्याची माहितीपत्रिका आणि आपलं पान, दोन्हीच्या झेरॉक्स काढून घेऊन जा. दसऱ्याच्या आधी बैठक मिळाली तर उत्तम. टोळ्या निघण्याआधी गरोदर बायकांची यादी, लेकरांच्या लसीची कार्डं आणि मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी, या तीन गोष्टी त्या एका बैठकीत लावून धरता येतात.